लोखंड न लागलेलं झाड

उल्लीबीबीला राग यायचा, असं म्हणणं बरोबर नाही. जे येतं ते कधीतरी जातंही. तिचा राग घरातच मुक्कामाला होता. सकाळी तिच्याआधी उठायचा आणि तंदूर पेटवायला तिच्यासोबत अंगणात यायचा. तंदूर उशिरा तापला तर तंदुरावर, लवकर तापून नान करपला तर नानावर, आणि दोन्ही नीट जमलं तर शेजारणीवर. कारण काहीच बिघडलं नाही म्हणजे नक्की कुणीतरी काहीतरी लपवतंय. आकयाप गावात मुलांना लांडग्याची भीती घालत नसत. लांडगा तिकडं वाळूत असतो, उल्लीबीबी इथं कालव्याच्या कडेला राहते.

पण तिच्या रागाला एक काम होतं, आणि ते गावानंच तिला दिलेलं होतं. तिच्या फाटकाबाहेर, तळ्याच्या काठावर, चुगिर्मा उभा होता.

साधा गुजूम खोरेज्ममध्ये पावलोपावली दिसतो. वावळीच्या गोतातलं झाड. ज्याच्या दारात तळं त्याच्या दारात गुजूम. पण चुगिर्मा तसा नव्हता. खाली सरळसोट खोड, आणि वर एकदम गोल, गच्च, लोकरी माथा. आमचे म्हातारे मेंढीच्या कातड्याची जी केसाळ टोपी भर उन्हाळ्यातही डोक्यावरून काढत नाहीत, ती चुगिर्मा. झाडाला नाव पडलं ते त्या टोपीवरून. पानं बारीक, कडेला मुरडलेली, कोकराच्या अंगावरच्या कुरळ्यांसारखी, आणि इतकी दाट की आत शिरलेल्या चिमणीला बाहेरची वाट विचारावी लागत असेल. हा माथा कुणी कातरून गोल केलेला नव्हता. तो वाढायचाच तसा. परगावचे लोक मोटारी थांबवून बघायचे, आणि उल्लीबीबी त्यांच्याकडं बघायची, मग ते मोटारीत बसायचे.

झाडाची कथा सगळ्यांना पाठ होती. काठीवाले बाबा वाळू तुडवत आले, दमले, हातातली काठी त्यांनी जमिनीत रोवली आणि झोपले. उठले तर काठीला पानं. मूठ गोल होती म्हणून माथा गोल. खोडावर छातीच्या उंचीला एक जाडजूड वळी होती, तिला बायका बाबांचा कमरपट्टा म्हणत. तिला तिळाचं तेल माखत, चिंध्या बांधत, आणि ज्या सुनेला मूल होत नसे ती तिथं पाठ टेकवून उभी राहत असे.

आणि नियम एकच: या झाडाला लोखंड लावायचं नाही. खिळा नाही, कुऱ्हाड नाही, सुरी नाही. झाडाखाली बसून खरबूज खायचं असेल तर लोक ते तळ्याच्या पलीकडं जाऊन कापून आणत. वाळकी फांदी आपण होऊन पडेल तेव्हा पडेल. उल्लीबीबीच्या सासूनं मरताना वाटणी केली ती अशी, की किल्ल्या धाकट्या सुनेला आणि झाड थोरलीला. "किल्ल्या सांभाळायला डोकं लागतं," धाकटी पुढं कधीतरी म्हणाली होती. तिच्याशी उल्लीबीबी एक आख्खा हिवाळा बोलली नाही.

त्या धाकटीचा नवरा, म्हणजे उल्लीबीबीचा दीर, माद्रहीम. कलमं बांधणं हा त्याचा धंदा आणि फुशारकी मारणं हा छंद. "मी बांधलं तर कुदळीच्या दांड्यालाही सफरचंद लागतील," असं तो लग्नाकार्यात सांगायचा. अर्ध्या तालुक्याचे जर्दाळू त्याच्या हातचे, हे मात्र खरं होतं. एका वसंतात तो कमरेच्या फडक्यात सुरी खोचून भिंतीपलीकडून आला.

"यांगा, चहा आहे का?"

यांगा म्हणजे थोरल्या भावाची बायको. उल्लीबीबी कढईशी उभी होती.

"चहा आहे. पण पोटात काय घेऊन आलायस ते आधी ओक."

"एक काडी दे."

"चुलीत भरपूर आहेत. घे."

"चुगिर्माची. बोटाएवढी. कुणाला कळायचंही नाही."

उल्लीबीबीनं कढईतला झारा बाहेर काढला. माद्रहीम एक पाऊल मागं सरकला, पण बोलायचा थांबला नाही.

"ऐक तरी. याला बी धरत नाही. पापड्या येतात, सगळ्या पोकळ. उद्या कीड पडली, पाणी खारं झालं, तर आणायचं कुठून?"

"कीड तुझ्या जिभेला पडो."

"पडो. पण आधी काडी दे."

"बाबांची काठी आहे ती! आजवर लोखंड लागलेलं नाही तिला!"

"काठी काय आभाळातून पडली? कुठल्यातरी झाडाचीच असणार ना? मग बाबांनी ती काय दातांनी तोडली?"

झारा त्याच्या खांद्यावर बसला. गरम तेलाचे थेंब त्याच्या नव्या चोग्यावर उडाले, आणि चोग्याचं नुकसान बाबांच्या अब्रूपेक्षा मोठं की लहान, यावर दोन्ही घरांत संध्याकाळपर्यंत वाद चालला.

माद्रहीमनं काडी चोरलीच. कधी, ते कुणाला कळलं नाही. उन्हाळ्यात उल्लीबीबी छपरावर जर्दाळू वाळत घालायला चढली आणि तिला भिंतीपलीकडं, दिराच्या परसात, साध्या गुजुमाच्या रोपावर चिंधी बांधलेली दिसली. चिंधीच्या वर हातभर कोंब. कोंबाला पानं. पानं कडेला मुरडलेली.

ती शिडीवरून कशी उतरली आणि भिंतीवरून कशी गेली, हे बघणाऱ्या बायकांनी पुढं कितीतरी लग्नांत सांगितलं. तिनं कोंब मुठीत धरला आणि चिंधीसकट ओरबाडून काढला. हातानं, लोखंड तिनं तेव्हाही वापरलं नाही. मग पायाखाली तुडवला. माद्रहीम दारात उभा होता, हातात अर्धा खाल्लेला नान.

"यांगा," तो म्हणाला, "जीव धरला होता त्यानं."

"आता सोडला," उल्लीबीबी म्हणाली.

बायकांनी तिची पाठ थोपटली. आक्साकल, म्हणजे गावचा वडीलधारा पंच एशजान, स्वतः येऊन म्हणाला, "बहीण, तू आहेस म्हणून झाड आहे." माद्रहीमनं भिंत उंच करून घेतली, आणि त्या दिवसापासून दीर-भावजयीत एक शब्द झाला नाही. माद्रहीमची बायको गेली तेव्हा उल्लीबीबी रडायला गेली, पण रडली तीही त्याच्याकडं पाठ करून.

मग रस्ता आला.

तालुक्याच्या साहेबांना रस्ता रुंद आणि सरळ हवा होता, आणि त्याच्या दोन्ही अंगांना परदेशातून आणलेली टोकदार हिरवी झाडं. ती पुढल्या वर्षी सगळी वाळली, पण ते पुढं. चुगिर्मा बरोबर रस्त्याच्या कडेत येत होता. मोजणीवाले आले तेव्हा उल्लीबीबीनं त्यांची दोरी गुंडाळून तळ्यात फेकली. दुसऱ्यांदा आले तेव्हा ती खोडाला पाठ लावून बसली आणि त्यांच्या आया-आज्यांबद्दल असं काही बोलली की त्यातल्या एकानं कानांवर हात ठेवले. तिसऱ्यांदा कुणी आलंच नाही. आक्साकल एशजान म्हणाला, "बघ, जिंकलीस." आणि आठवड्यानं त्याची बायको तिला शेजारच्या गावी लग्नाला घेऊन गेली. जेवायला अंडं भरलेले तुखुम-बराक होते, खेळ होते, तिला मानानं वरच्या बाजूला बसवलं. एवढा मान कशासाठी, हा संशय त्या एकाच दिवशी तिला आला नाही. माणूस जन्मभर संशय घेतो आणि नेमका त्या दिवशी जेवतो.

परत आली तेव्हा काखेत आहेराचं गाठोडं होतं. कालव्याचं वळण संपलं आणि तिला आपलं घर दिसलं. एरवी तिथून घर दिसत नसे.

माथा तोवर तळ्यात पडला होता. आरायंत्रवाले गेलेले. खोडाचे ओंडके करून बाजूला रचले होते, आणि गावातले लोक त्यांच्याभोवती मयताला जमावेत तसे हात बांधून उभे होते. उल्लीबीबीनं गाठोडं सोडलं आणि त्यातला एकेक नान एशजानच्या तोंडावर मारला. नान संपल्यावर खडीसाखर. अन्न असं फेकणं आमच्यात मोठं पाप. पण कुणी तिला अडवलं नाही, आणि एशजाननंही तोंड बाजूला केलं नाही.

"वरून हुकूम होता, बहीण," तो एवढंच म्हणाला. आणि मग, मऊ जिभेचा माणूस, पुढं म्हणाला, "पण मुळं आहेत ना. बाबांची काठी आहे ती. कोरड्या लाकडाची काठी फुटली होती, तर ओली मुळं फुटणार नाहीत?"

माद्रहीम त्या उन्हाळ्यात लेकीकडं नुकूसला होता. तो आला तोवर आमच्या उन्हानं फांद्यांचा पार कोळसा करून ठेवला होता. तो एकदा तळ्यापर्यंत गेला, एक काडी उचलून मोडली, वास घेतला आणि घरी जाऊन दार लावलं.

पण मुळं फुटली! वसंतात रस्त्याच्या कडेनं, भिंतीच्या बुडाशी, उल्लीबीबीच्या अंगणात फुटवेच फुटवे. गाव धावत आलं. हातांनी, लाकडी फावड्यांनी माती उकरून लोकांनी ते मुळासकट काढले आणि आपापल्या दारात लावले. कुदळ कुणी आणली नाही. नियम म्हणजे नियम. उल्लीबीबी वाटणी करायला उभी होती. ज्याचे हात धुतलेले नसतील त्याला परत पाठवत होती. एशजानलाही तिनं एक फुटवा दिला, पण फेकून.

तिनं स्वतः सगळ्यात जाडजूड फुटवे तळ्याच्या काठी लावले, आणि तिचा राग पुन्हा कामाला लागला. बकऱ्यांवर, बदकांवर, सायकल टेकवणाऱ्या पोरांवर. रोपं वाढत होती. झपाट्यानं, बेशरमासारखी वाढत होती. गुडघ्याला, कमरेला, मग तिच्या डोक्यावरून पार वर. आणि माथा कुठं धरेनात. इकडं एक फांदी, तिकडं एक, मधून आभाळ. पानं मोठाली, सपाट, खरखरीत.

"वयात आली की टोपी घालतील," एशजान म्हणायचा.

"दाढी फुटायची वेळ आली!" उल्लीबीबी रोपालाच म्हणायची. "तुझ्या बापाचं डोकं बघितलंयस? गोल! तू कुणावर गेलास, मेल्या? कुणाचा आहेस तू?"

ती शिव्या देत पाणी घालायची. लोक हसायचे, पण हळूहळू ज्याच्या-त्याच्या दारातलं रोप तसंच उंच, भुरकं, साधं झालं, तेव्हा हसणंही थांबलं आणि कुणी त्याबद्दल बोलेना. सगळ्या गावात एकटी उल्लीबीबी मोठ्यानं विचारत राहिली. उत्तर ज्याच्याकडं असणार त्याचं घर भिंतीपलीकडं होतं. हे तिला कधीपासून ठाऊक होतं, कोण जाणे. एका दुपारी ती फाटकातून निघाली, वळसा घालून गेली आणि माद्रहीमच्या दारावर मूठ आपटली.

माद्रहीम म्हातारा झाला होता. चहा ओतताना त्याच्या हातातली वाटी बशीवर वाजत होती.

"बोल," ती म्हणाली. बसली नाही. "काय लावलंय मी?"

"गुजूम."

"चुगिर्मा का नाही?"

"खाली चुगिर्मा नव्हताच, यांगा. खाली साधा गुजूम. कुणीतरी त्याच्यावर चुगिर्माचं कलम बांधलं होतं, वळी होती ना, तिथं. तिच्या वरचा तो, खालचा हा. तो कापून नेला. उरलं ते खुंटाचं, आणि फुटलं तेही खुंटाचं."

तिथं टेकवलेल्या सगळ्या पाठी, माखलेलं सगळं तेल उल्लीबीबीच्या डोळ्यांपुढून गेलं असावं.

"म्हणजे लोखंड..."

"लागलं होतं. पहिल्याच दिवशी. त्याशिवाय तो झालाच नसता."

"आणि तुला माहीत होतं. मी एवढी वर्षं बादल्या वाहिल्या, आणि तू त्या भिंतीआड बसून बघत होतास!"

"बघत होतो."

"सांगितलं का नाहीस?"

"कुणाला? तुला?" माद्रहीम आता उठला. त्याचाही आवाज चढला. तो चढतो हे गाव विसरलं होतं. "माझ्या डोळ्यांदेखत जिवंत कोंब तुडवलास तू! त्यानंतर बादली वाहताना तुला बघून मला बरं वाटत होतं. ऐक, खरं सांगतो. बरं वाटत होतं! पहिलं वर्ष. मग नाही वाटलं. पण तोवर सांगायची वेळ निघून गेली होती."

उल्लीबीबीनं त्याच्या पुढ्यातली वाटी उचलली. तो मान आत घेऊन उभा राहिला. तिनं चहा पिऊन टाकला.

"आता कुठं मिळेल?"

"सारीकुमला एक होता म्हणतात. मी पाहिलेला नाही. माझा उस्ताद सांगायचा, दोन्ही एकाच हातचे."

"सुरी घे."

"हात बघ माझे."

"हात माझे आहेत. तू नुसती अक्कल आण. तीही थोडीच आहे, जड होणार नाही."

सारीकुम वाळूच्या तोंडाशी आहे. भाड्याच्या गाडीत माद्रहीम पुढं बसला, उल्लीबीबी मागं. ओलं फडकं, मेण, चिंध्या आणि सुरी तिनं मांडीवर धरली होती. जन्मात पहिल्यांदा ती कापायला निघाली होती, आणि वाटेत दिसेल त्या झाडाकडं अशी बघत होती की माद्रहीमनं काच वर केली.

चुगिर्मा त्यांना लांबूनच दिसला. गोल. तोच गोल. उल्लीबीबी गाडी थांबायच्या आत उतरली.

जवळ गेल्यावर माद्रहीमचे पाय मंदावले. वसंत निम्मा सरला होता, कालव्यावरच्या तुतीला पालवी आली होती. या माथ्यात हिरवं काही नव्हतं. नुसत्या काड्यांचं जाळं, गच्च, राखाडी, आणि त्याच्या आरपार वारा शिट्टी घालत होता. साल जागोजागी सुटलेली. बुंध्याशी मात्र अंगण झाडून स्वच्छ केलेलं होतं.

उल्लीबीबीनं सुरी काढली. हात पोचेल त्या फांदीची साल तिनं नखानं खरवडली. तपकिरी. दुसरी. तपकिरी. ती तिसरीकडं वळली तोच मागून आवाज आला.

"ए! लोखंड ठेव खाली!"

एक म्हातारी, अंगानं चिपाड, हातात अंगण झाडायचा खराटा. तिला तिथं हाजर-मोमो म्हणत असल्याचं नंतर कळलं. तेव्हा कुणी नाव विचारलं नाही.

"या झाडाला लोखंड लावत नाहीत! कुठून आलात तुम्ही? लाज नाही वाटत?"

"मेलंय ते!" उल्लीबीबी ओरडली.

"मेलं तर मेलं! लोखंड लावायचं नाही!"

"अगं, मेलंय, आंधळे! कशाची राखण करतेस? सरपणाची? एक काडी कुणाला नेऊ दिली असतीस जिवंत असताना, तर आज..."

"माझ्या सासूनं माझ्या हातात दिलंय ते! तू कोण विचारणार?"

माद्रहीम मध्ये पडला. मोठ्या माणसांचं ऐकावं, उन्हात ओरडू नये, आम्ही लांबून आलो, असलं काहीबाही तो बोलत राहिला. खराटा थोडा खाली आला.

"कुठून आलात?" हाजर-मोमोनं विचारलं.

"आकयापहून."

"आकयाप?" तिचा चेहरा बदलला. ती एकदम पुढं आली. "मग इथं काय शोधताय? तुमच्याकडंच तर आहे दुसरा! आमचा शेंड्याकडून वाळायला लागला तेव्हा माझा मुलगा म्हणाला, आई, जाऊन आकयापची काडी घेऊन येतो, दुसऱ्या रोपावर बांधू. मीच नको म्हटलं. लोखंड लावलेलं मला नको होतं. आणि लोक म्हणाले, तिथं एक म्हातारी आहे, कुत्र्यापेक्षा वाईट. अंगावर येते. माणसाला झाडाजवळ फिरकू देत नाही." तिनं डोळ्यांवर हात धरून उल्लीबीबीकडं निरखून बघितलं. "आहे ना अजून तुमचा? आता मी पाठवीन मुलाला. ती म्हातारी मेली असेल तर बरं."

माद्रहीमनं जमिनीकडं बघितलं. वारा वरच्या काड्यांमधून गेला आणि त्यातली एक आपण होऊन तुटून झाडलेल्या अंगणात पडली.

"यायचं होतंस!" उल्लीबीबी किंचाळली. तिनं हाजर-मोमोचे दोन्ही खांदे धरले आणि तिला गदागदा हलवलं. खराटा पडला, सुरी पडली. "एवढ्याशाला भ्यालीस? अंगावर आली असती तर आली असती! काय खाल्लं असतं तिनं तुला? रात्री यायचं, चोरायचं, तिच्या नाकावर टिच्चून न्यायचं! तुझा उभा होता, तिचा उभा होता, आणि तुम्ही दोघी... यायचं होतंस गं! का नाही आलीस?"

हळूहळू हाजर-मोमोला कळत गेलं, ही कोण ते.

"तूही नाही आलीस," ती म्हणाली.